चौदा खुर्च्यांची खोली

सोमवार, २ फेब्रुवारी

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. साहेबांच्या कपाटामागे पडली होती, कोरी करकरीत. साहेब म्हणाले, घेऊन जा, नाहीतर रद्दीत जाईल. वार एकाने चुकतो. वर छापलंय रविवार आणि मी दिवसभर कामावर. रोज खोडून खरा वार लिहीन. सातवीत शाळा सोडल्यापासून इतकं लिहिलं नव्हतं, बोटं दुखायला लागली.

लिहायला बसलो कारण आज जे झालं ते सांगायला कोणी नाही.

माझं काम असं. कंपनी पंप विकते. ऑफिसात मीटिंगची एक खोली आहे, लांब टेबल, चौदा खुर्च्या, छताला टांगलेला जुना प्रोजेक्टर. कुणी लॅपटॉप घेऊन आलं की वायर मी जोडतो. प्रत्येक लॅपटॉपचं भोक वेगळं, म्हणून माझ्या खिशात सात प्रकारच्या पिना असतात. बाकी वेळ दाराबाहेर स्टुलावर. आतून हाक येते, "वायर!" म्हणजे मी. आईबापाने ठेवलेलं नाव इथे फक्त हजेरीच्या वहीत.

आज बाहेरून मोठं गिऱ्हाईक आलं होतं. त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ बोलायला उठले आणि त्यांचा पाय जमिनीवरच्या वायरीत अडकला. वायरीवर काळी चिकटपट्टी मीच लावतो. सकाळी घाईत एक कड नीट दाबली नव्हती. मला माहीत होतं ती कड उचकटलीय. म्हटलं, दुपारी बघू. ते गुडघ्यांवर पडले, चहा कागदांवर, प्रोजेक्टर गप.

मला कोणी शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. साहेब भिंतीकडे बघत एवढंच म्हणाले, "या वायरी मला पुन्हा दिसता कामा नयेत."

मंगळवार, ३ फेब्रुवारी

सकाळी साहेबांनी बोलावलं. मी डबा, टॉवेल सगळं पिशवीत भरूनच आत गेलो. काढलंच तर मागे फिरायला नको.

साहेब म्हणाले, "वायर न लागणारा प्रोजेक्टर घ्यायचाय. सगळ्या विकणाऱ्यांनी चकचकीत पुस्तकं पाठवलीत. त्यात सगळेच उत्तम. खोली तुझ्याइतकी कोणाला माहीत नाही. तू बघ, तीन निवड, इथे लावून दाखवायला सांग आणि मला एक पान लिहून दे."

"मी लिहू, साहेब?"

"मग काय मी लिहू? आणि ती पिशवी कसली घेऊन आलायस?"

मी म्हणालो, बाजारात जायचंय. साहेब हसले. साहेब हसतात हे मला माहीत नव्हतं. मग म्हणाले, "एकतीस मार्चला तुझ्या कंत्राटाची मुदत संपते ना? हे नीट कर. मग तुझ्या कायमचं बोलू."

कायम! जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरलो. खाली गेल्यावर आठवलं की खाली काही काम नाही.

घरी फोन लावला. बाबा शिंपी आहेत. ते मला भिंगरी म्हणतात, कारण मी एका जागी ठरत नाही. गॅरेज, छापखाना, बर्फाचा कारखाना, रंगकाम, लिफ्ट, मोजली तर अकरा कामं. कुठे मुकादमाशी भांडलो, कुठे नुसताच कंटाळून उठलो. इथे पंधरा महिने झाले. पंधरा!

व्हिडिओ कॉल होता, पण बाबांनी नेहमीसारखा फोन कानाला लावला. माझ्या पडद्यावर नुसता कान. कितीदा सांगितलं, यात बघायचं असतं. ऐकतच नाहीत.

"कायम करणार आहेत, बाबा."

कान फोनला आणखी चिकटला. मग म्हणाले, "टिक म्हणजे झालं."

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

दुकानात गेलो. तिथला माणूस माझ्याच वयाचा, पण बुटांना पॉलिश. त्याने मला एका काळ्या पडद्यांच्या खोलीत बसवलं आणि एकेक प्रोजेक्टर लावला. समुद्र, पोपट, फुलं. सगळं डोळे दिपवणारं.

मी म्हणालो, "दिवे लाव."

"कशाला?"

"अंधारात माझं थोबाडही उजळ दिसतं."

तो हसला आणि मग नीट बोलायला लागला. शिकलो ते लिहून ठेवतो. उजेड ल्युमेनमध्ये मोजतात. अंधारी खोली असेल तर अडीच हजार पुष्कळ, ऊन येत असेल तर चार हजारांच्या खाली बघू नये. दिव्याच्या प्रोजेक्टरचा दिवा दर महिन्याला थोडा थोडा मंद होतो, आणि रोज बघणाऱ्याला ते कळतच नाही. लेझरवाला बरीच वर्षं तसाच राहतो. काही लांबून चित्र फेकतात, मध्ये माणूस आला की भिंतीवर त्याची सावली. काही भिंतीला चिकटून बसतात आणि जवळूनच फेकतात, सावलीच पडत नाही.

आणि बिनवायरीचे प्रकार दोन. एक ऑफिसच्या वायफायवरून चालतो. दुसरा स्वतःचंच वायफाय सोडतो, लॅपटॉपला एक बटण खोचायचं, दाबलं की चित्र भिंतीवर.

ताईचा मेसेज आला. बाबांनी एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला डावी बाही उजवीकडे लावली. मी हसण्याचं चित्र पाठवलं. तिने काही पाठवलं नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

तीन ठरवले. त्यांची खरी नावं लांबलचक आकड्यांची आहेत, मी माझी ठेवलीत. पांढरा, काळा आणि ठेंगू. पांढरा देखणा आहे. काळ्याचा उजेड सगळ्यात जास्त, वायफायवाला. ठेंगू बुटका, भिंतीशी बसणारा, लेझर, बटणवाला.

दुकानवाला म्हणाला, सकाळी अकराला येऊन लावून दाखवतो. मी म्हटलं, नाही, दुपारी साडेतीनला ये. आमच्या खोलीची मोठी खिडकी मावळतीकडे आहे. साडेतीनला ऊन टेबलावर येतं, चारला भिंतीवर. पडदे ओढलेले साहेबांना चालत नाहीत, म्हणतात अंधारात लोक झोपतात. अकराला काय, मेणबत्ती लावली तरी चित्र दिसेल.

"तू फार खोलात शिरतोस राव," तो म्हणाला.

मला असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. मी कशात शिरतच नाही अशीच माझी ख्याती.

आईचा फोन. बाबा म्हणतात शिवायच्या खोलीत अंधार असतो, बल्ब बदलला तरी तेच. मी तिला सगळं समजावलं, बल्बच्या खोक्यावर ल्युमेन बघायचे, जास्तीचा घ्यायचा, भिंतीला पांढरा रंग द्यायचा म्हणजे उजेड परत फिरतो. आई म्हणाली, "तुला बरंच कळायला लागलंय रे." नंतर म्हणाली, "आता सुई ताईच ओवून देते." मी म्हटलं, बरंय, तेवढीच बाबांना मदत.

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज चाचणी. माझी पद्धत मीच काढली. पंपांच्या दरांचा कागद घ्यायचा, मुंगीएवढी अक्षरं, तो भिंतीवर टाकायचा. चौदाव्या खुर्चीवर, म्हणजे दाराजवळ सगळ्यात लांब, एकाला बसवायचं आणि म्हणायचं, शेवटची ओळ वाचा. पोपट आणि समुद्र कशाला हवेत?

वाचायला रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंना बोलावलं. जाड चष्मा, निवृत्तीला दोन वर्षं, यंत्राला हात लावायच्या आधी पदराला हात पुसतात. पांढऱ्यावर त्यांना शेवटच्या तीन ओळी दिसल्या नाहीत. बाद. काळ्यावर दिसल्या. ठेंगूवर दिसल्या आणि बाई म्हणाल्या, "यात तर छापखान्याची चूकही दिसतेय, दोनदा स्वल्पविराम."

मग जोडून बघायची पाळी. काळा दोनदा जोडला गेला, तिसऱ्यांदा रुसला. परवलीचा शब्द, यादीतून नाव निवडा, पुन्हा परवलीचा शब्द. बाहेरच्या पाहुण्यांना तर आमचं वायफाय मिळतच नाही, कंपनीचा नियम.

दुकानवाल्याने मला बाजूला घेतलं. "हा काळा असा आहे खरा. याच्याजवळ माणूस लागतोच." मग माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "तुझ्या दृष्टीने बरंच की."

"माझ्या दृष्टीने कसं काय?"

त्याने माझ्याकडे बघितलं. "काही नाही," म्हणाला.

बुधवार, १८ फेब्रुवारी

बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ठेंगू कसा, बटण कसं, कुणालाच काही विचारावं लागत नाही, माझ्या खिशातल्या साती पिना पेटीत जातील.

कान म्हणाला, "वायरीच नाहीत तर वायरवाला कशाला?"

मी चिडलो. म्हटलं, तुम्हाला इथलं काही कळत नाही, साहेबांनी शब्द दिलाय. आणि फोन धरायचा कसा तेही कळत नाही, सारखा कान, कान. एकदा तरी माझं तोंड बघा की! फोन ठेवला.

नंतर स्टुलावर बसून खोलीकडे बघत राहिलो. सकाळपासून तीन हाका आल्या होत्या. ठेंगू असता तर एकही आली नसती.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

इथे खोटं लिहून काय करू, ही डायरी कोण वाचणार? आज मी काळ्याचं पान लिहिलं. उजेड सगळ्यात जास्त, हे खरंच आहे. वायफायचं रुसणं लिहिलंच नाही. "देखरेखीसाठी एक जाणकार माणूस ठेवल्यास उत्तम," असं वाक्य शोधून काढलं. दुकानवाल्यानेही असंच लिहिलं असतं. पान घडी करून खिशात ठेवलं, सातही पिनांच्या बरोबर.

साहेब बाहेर गेले होते. उद्या देतो.

शुक्रवार, २० फेब्रुवारी

सकाळी बाई खोलीत आल्या. दुकानवाल्याने चाचणीसाठी ठेवलेली यंत्रं दुपारी परत जायची होती. म्हणाल्या, "मी एकदा एकटीने करून बघू का? तू बाहेर थांब. दार लाव."

मी बाहेर थांबलो. मला मागच्या वर्षीची गोष्ट आठवली. बाईंना तीस वर्षांचा रेकॉर्ड सगळ्यांसमोर दाखवायचा होता. लॅपटॉप लागेना. मी नेमका पाणी प्यायला गेलो होतो. चौदा माणसं बघत होती आणि बाई एकेक पीन घालून बघत होत्या. कोणीतरी म्हणालं, राहू द्या बाई, पुढच्या वेळी. पुढची वेळ आलीच नाही.

दार उघडलं. भिंतीवर रेकॉर्डचं पहिलं पान, आणि समोर बाई हात कमरेवर ठेवून.

"कोणता लावलात?"

"बुटका. तुला हाक मारायची गरजच पडली नाही रे!" असं म्हणताना इतक्या खूश होत्या की माझ्याकडे बघून त्यांना वाटलं असेल, मीही खूशच होईन.

काळा लावून बघितला का विचारलं. म्हणाल्या, "बघितला. तो मागच्या वर्षीसारखाच आहे."

जेवणाच्या सुट्टीत खिशातलं पान फाडलं. आमच्या गल्लीत दुसरा एक शिंपी होता. गिऱ्हाइकाने परत यावं म्हणून तो बटणाला कच्चा टाका घालायचा. बाबा त्याच्याशी बोलायचे नाहीत. त्यावरून मी बाबांना किती हसायचो. "टाक्यावरून भांडतात," म्हणून.

ठेंगूचं पान लिहिलं. शेवटची ओळ, "हा लावल्यास खोलीत कोणालाही बोलवावे लागत नाही." साहेबांनी उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाले, "हेच हवं होतं."

सोमवार, ९ मार्च

ठेंगू बसला. पहिलीच मीटिंग. मी स्टुलावर बसून होतो, पिना खिशात, कुठे अडलं तर असाव्यात म्हणून. दोन तास गेले. आतून हसण्याचा आवाज आला, टाळ्या आल्या. हाक आली नाही. एकदा दार उघडलं, मी ताडकन उठलो. एक गृहस्थ म्हणाले, "बाथरूम कुठे?"

बुधवार, ११ मार्च

हाक नाही.

सोमवार, १६ मार्च

हाक नाही. जमिनीवरची चिकटपट्टी खरवडून काढली. खाली फरशीवर पंधरा महिन्यांची लांब काळी रेघ राहिलीय. रॉकेल, साबण, लिंबू, सगळं करून बघितलं. जात नाही. मग म्हटलं, राहू दे.

साहेबांकडे मुद्दाम दोनदा कारण काढून गेलो. साहेब फोनवर होते.

शुक्रवार, २७ मार्च

साहेबांनी बोलावलं. या वेळी पिशवी नेली नाही, उगाच अपशकुन.

"काम छान केलंस," साहेब म्हणाले. त्यांनी खुर्ची दाखवली तेव्हाच मला कळलं. उभ्या माणसाला चांगली बातमी सांगतात. "मी वर बोललो तुझ्याबद्दल. खरंच बोललो. पण त्यांचं म्हणणं, त्या खोलीला आता माणूस लागत नाही. तुझ्याच पानावर लिहिलंय ते."

साहेबांनी पान माझ्यासमोर ठेवलं. शेवटच्या ओळीखाली कोणीतरी लाल रेघ मारली होती. माझ्या अक्षराखाली शाळेत लाल रेघ असायचीच, पण ती चुकीसाठी.

"काही हवंय का तुला?" साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले. "चांगलं पत्र देतोच आहे."

मी म्हणालो, "जुना प्रोजेक्टर."

"काय करणार त्याचं? मंद झालाय तो."

"घरची भिंत पांढरी केलीय," मी म्हणालो.

मंगळवार, ३१ मार्च

शेवटचा दिवस. सगळे गेल्यावर खोलीचा फोटो काढला. खुर्च्या सरळ करून, टेबल पुसून, ठेंगू भिंतीशी, खिडकीतलं ऊन. काळी रेघ येणार नाही अशा कोनातून काढायला वेळ लागला.

बाई दारात आल्या. त्यांनी मला एक पेन दिलं आणि म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं का रे हे?"

"छे हो बाई. मला भिंगरी आहे पायाला. मीच कंटाळलो होतो."

त्यांनी विश्वास ठेवला. मग बाहेर जाताना चष्मा काढून पुसत होत्या, म्हणजे ठेवला नसेल.

शनिवार, ४ एप्रिल

काल घरी पोचलो. सुट्टीवर आलोय असं सांगितलंय. कायम झालो असंही तोंडातून गेलं. बाबांनी विचारलं आणि गेलंच.

बाबा दारात उभे होते. मी समोर गेलो तरी माझ्या मागे बघत होते. मी "बाबा" म्हटल्यावर चेहरा फिरला. म्हटलं, उन्हातून बघतायत. शिवायच्या खोलीत आता तीन बल्ब आहेत, डोळे चुरचुरतात इतका उजेड, आणि मशीनवर झाकण. ताई माझ्याशी काहीतरी बोलायला बघत होती. मी म्हटलं थांब, आधी गंमत दाखवतो.

दुपारी दार-खिडकी लावून घेतली. जुना प्रोजेक्टर स्टुलावर ठेवला. फोनला लावायची पीन माझ्याकडे होतीच, सातातली पाचवी. भिंतीवर खोली आली. मंद होता, पण अंधारात बरा दिसत होता. आई "अगंबाई" म्हणाली.

बाबांचं तोंड प्रोजेक्टरच्या पंख्याच्या आवाजाकडे होतं. मी खांद्याला धरून भिंतीकडे वळवलं.

"दिसतंय ना, बाबा?"

"दिसतंय की." ते हसले. "मोठी आहे रे खोली. माणसंही बरीच बसलीत. किती असतील?"

ताईने माझ्याकडे बघितलं. आई पदराशी चाळा करत होती. फोटोत एकही माणूस नव्हता.

"चौदा," मी म्हणालो.

"आणि यात तू कुठे?"

"फोटो मीच काढलाय ना, बाबा."

"हां हां." त्यांनी हाताने माझा गुडघा शोधला आणि त्यावर दोनदा थापटलं. "टिकलास एकदाचा."

मी दिवा बंद केला. या जुन्या प्रकारात दिवा विझला तरी आतला पंखा चालू राहतो. तो थांबेपर्यंत वायर काढायची नसते. अंधारात आम्ही चौघं बसून राहिलो. पंखा बराच वेळ चालला.